काकांसमोर नळ कसा उघडायचा?

पत्र असं आहे:

‘ताई, मी धुळ्याची. अंबड एमआयडीसीतल्या एका कंपनीत नोकरी लागली आहे, १ जूनला रुजू व्हायचंय. मिस्टर अजून वर्षभर धुळ्यातच असतील, त्यामुळे नाशिकला मी, सासूबाई आणि चार वर्षांचा मुलगा. गेल्या रविवारी पाथर्डी फाट्याला एक टू बीएचके बघितला. तिसरा मजला, लिफ्ट, नुकताच रंग दिलेला. भाडं १४,०००, डिपॉझिट ५०,०००. घरमालक काका स्वतः आले होते, फार चांगले वाटले, खाली नेऊन चहाही पाजला. दहा मिनिटांत घर बघून झालं. त्यांच्यासमोर कपाटं उघडायची, नळ सोडून बघायचे, मला कसंतरीच वाटलं. घरी आल्यावर लक्षात आलं, मी बाथरूमचा दिवासुद्धा लावून बघितला नव्हता. आता एजंट रोज फोन करतोय, “दुसरी पार्टी तयार आहे, शुक्रवारी अ‍ॅग्रीमेंट करून टाकू.” सासूबाईंचा ओढा पंचवटीतल्या दुसऱ्या एका फ्लॅटकडे आहे, रामकुंड जवळ म्हणून. तो ११,००० ला मिळतोय, पण मी अजून पाहिलेला नाही. सही करण्याआधी नेमकं काय बघायचं? आणि समोरच्याला वाईट न वाटता कसं बघायचं?
— एक भिडस्त, धुळे’

भिडस्तताई,

बाथरूमच्या दिव्याचं वाचून मला हसू आलं, कारण नाशिकमध्ये मी आजवर सात घरं भाड्याने घेतली आणि पहिल्या तीन घरांत मीही तो लावून बघितला नव्हता. आपण भाड्याचं घर बघायला जातो ते पाहुण्यासारखे. चपला बाहेर काढतो, हॉलच्या मधोमध उभे राहतो, ‘छान आहे हो, हवेशीर आहे’ म्हणतो. मालक जो दरवाजा उघडेल तेवढ्याच दरवाजातून डोकावतो. आणि चहा प्यायल्यावर तर विचारूच नका.

माझं तिसरं घर इंदिरानगरला होतं. एप्रिलमध्ये बघितलं, भिंती दुधासारख्या, रंगाचा वास अजून घरभर. मला तो वास आवडला होता, हे विशेष. जुलैचा दुसरा आठवडा उजाडला आणि बेडरूमची पश्चिमेची भिंत खालून वर ओली होत गेली. आधी रंगाला फोड आले, मग त्यातून पिठासारखी पांढरी पूड गळायला लागली. भिंतीला लोणा लागणं म्हणजे काय, ते तेव्हा समजलं. गादी भिंतीला टेकवून ठेवली होती. ती उलटी केली तर मागे हिरव्या-काळ्या बुरशीचा नकाशा. लग्नातला शालू कपाटाच्या मागच्या कप्प्यात होता, त्याची गोष्ट नकोच. मालकांना फोन केला तर म्हणाले, ‘तुम्ही खिडक्या बंद ठेवता म्हणून होतंय. आधीच्या भाडेकरूंची कधी तक्रार नव्हती.’ आणि घर सोडताना त्याच भिंतीच्या रंगाचे पैसे त्यांनी माझ्या डिपॉझिटमधून कापले. माझ्याकडे ना फोटो, ना करारात एक ओळ.

तेव्हापासून मी एक गोष्ट गाठीला बांधली आहे. सहीच्या आधी सापडलेला दोष घरमालकाचा असतो. तोच दोष सहीनंतर सापडला की आपला होतो. घर पाहणं म्हणजे दोष शोधून घर नाकारणं असं तुम्हाला वाटतंय, म्हणून संकोच होतोय. तसं नाहीये. निर्दोष घर मला अजून भेटलेलं नाही. दोष आहे हे दोघांनी मिळून आधी बघायचं, म्हणजे अकरा महिन्यांनी त्याचं बिल कोणाच्या नावावर फाडायचं हा वाद उरत नाही. तुमचे काका खरंच चांगले असतील तर त्यांनाही हे सोयीचंच आहे.

आता भिडेचा प्रश्न. त्यावर तुमच्या घरातच उपाय आहे: सासूबाई. काकांना फोन करून सांगा, ‘काका, घर मला पसंत आहे. फक्त सासूबाईंनी अजून बघितलं नाहीये, त्यांना पाण्याचं आणि संडास-बाथरूमचं जरा निवांत बघायचंय. संध्याकाळी साडेसहाला आलो तर चालेल ना?’ महाराष्ट्रात सासूबाईंना घर बघायचं नाही असं म्हणणारा घरमालक अजून जन्मायचाय. तिथे गेल्यावर तुम्ही नळ सोडायचे, आणि कोणी विचारलंच तर ‘आईंना सवय आहे हो’. सासूबाईंना आधी विश्वासात घ्या म्हणजे झालं. त्यांचे गुडघे दुखत असतील तर संडासात कमोड आहे का, त्याच्या शेजारी उठताना धरायला काही आहे का, आणि वीज गेल्यावर लिफ्ट चालते का, हे त्या तुमच्यापेक्षा नेमकं बघतील.

संध्याकाळ मुद्दाम सांगितली. रविवारी दुपारी सगळ्याच सोसायट्या शांत असतात. साडेसहा-सातला पार्किंगमध्ये गाड्या किती दाटीवाटीने लागतात, खालच्या दुकानासमोर काय गर्दी जमते, डास किती, कंपनीच्या बस सुटल्यावर फाट्यावर काय होतं, हे तेव्हाच दिसेल. शक्य असेल तर सकाळी पाणी यायच्या वेळेलाही एक चक्कर मारा. तेव्हा फ्लॅटमध्ये जायचीसुद्धा गरज नाही, खाली वॉचमनशी बोला.

कारण नाशिकमध्ये घर घेताना पहिला प्रश्न पाण्याचा. गंगापूर धरण उशाला आहे म्हणून बाहेरच्यांना वाटतं इथे पाण्याची चंगळ असेल. पण महापालिकेचं पाणी ठरल्या वेळेला सोसायटीच्या खालच्या टाकीत येतं, तिथून मोटरने गच्चीवरच्या टाकीत चढतं आणि मग तुमच्या नळाला. या साखळीत कुठेही ढिलाई असली की नळ कोरडा. शिवाय दुरुस्तीच्या कामांसाठी अधूनमधून ‘शनिवारी पाणी बंद, रविवारी कमी दाबाने’ अशी बातमी असतेच, तेव्हा टाकी किती मोठी आहे याला महत्त्व येतं. वॉचमनला किंवा इस्त्रीवाल्याला विचारा: या महिन्यात टँकर आला का? आला तर पैसे मेंटेनन्समधून गेले की वेगळे काढले? बोअरचं पाणी मिसळतात का? मे महिन्यात घर बघण्याचा हा एक फायदा आहे की पाण्याचं खरं रूप दिसतं. तोटा असा की भिंतींचं लपतं, पण त्यावर मी येतेच.

बोअरचं पाणी आहे का हे विचारायचीही गरज नसते. शॉवरच्या भोकांकडे आणि नळाच्या तोंडाकडे बघा. पांढरी खपली जमलेली असेल तर पाणी जड आहे. वापरायला चालतं, पण गिझर लवकर जातो, साबणाला फेस येत नाही आणि पिण्यासाठी वेगळी सोय लागते. मग गिझर बिघडला तर दुरुस्ती कोणाची, हे आताच बोलून घ्या.

नळ उघडताना एकेक उघडू नका. स्वयंपाकघरातला नळ, बाथरूमचा शॉवर, दोन्ही एकदम सोडा आणि त्याच वेळी फ्लश करा. एकेकटे सगळेच नळ शूर असतात. (सगळ्यात वरच्या मजल्यावर टाकी जवळ असूनही धार बारीक येते, कारण पाण्याला उंचीच मिळत नाही. तुमचा तिसरा मजला आहे, तेवढं बरं.) फ्लश झाल्यावर दोन मिनिटं थांबून कमोडच्या आतल्या बाजूला बघा. पाण्याची बारीक रेघ उतरतच राहिली असेल तर टाकी गळतेय, ती रात्रभर गळेल. मग सिंकच्या तोंडाला बोळा लावून ते काठोकाठ भरा आणि एकदम सोडा. खाली ओट्याच्या कपाटात मोबाइलचा टॉर्च धरून सासूबाईंना उभं करू नका, तुम्हीच वाका. हात धुण्याएवढ्या पाण्याला पाइप गळत नाही. सिंकभर पाणी एकदम उतरलं की सांध्यातून थेंब सुटतो, आणि तोच थेंब सहा महिन्यांत प्लायवूड फुगवतो. तिथेच झुरळांचाही अंदाज येईल.

बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओता आणि नुसतं बघा ते कुठे जातं. जाळीकडे गेलं तर उत्तम. माझ्या चौथ्या घरात ते उंबऱ्याकडे यायचं, आणि दीड वर्ष मी रोज अंघोळीनंतर वायपर मारला. बंद फ्लॅटमध्ये गटाराचा वास येत असेल तर लगेच नाक मुरडू नका. बरेच दिवस वापर नसला की नहाणी ट्रॅपमधलं, म्हणजे जाळीखालच्या वाटीतलं, पाणी सुकतं आणि खालचा वास वर येतो. दोन तांबे पाणी ओता, पाच-दहा मिनिटांनी परत हुंगा. वास गेला तर काही नाही. राहिला तर मात्र ते काम मोठं आहे. त्यानंतर मान वर करा. बाथरूमच्या छताला पिवळसर डाग किंवा फुगवटा असेल तर वरच्या घरातलं पाणी झिरपतंय. अशा गळतीचं फार अवघड असतं. तुमचा मालक म्हणतो वरचा करेल, वरचा म्हणतो सोसायटी करेल, आणि थेंब तुमच्या डोक्यावर.

भिंतींचं आता. नवा रंग बघून खूश होऊ नका, तो कुठे जास्त ताजा आहे ते बघा. एकाच खोलीत एखाद्याच पट्ट्याचा रंग उठून दिसत असेल तर खाली काहीतरी झाकलंय. नाशिकला पाऊस त्र्यंबकच्या अंगाने येतो, वाऱ्यासकट. म्हणून पश्चिमेच्या आणि नैऋत्येच्या भिंती आधी भिजतात. मोबाइलमध्ये होकायंत्र असतं, त्यावर दिशा बघा आणि त्या भिंतीला गुडघ्याखाली हाताची मागची बाजू लावा. तळहातापेक्षा मागच्या बाजूला गारवा चटकन कळतो. खिडकीच्या चौकटीचे खालचे कोपरे, कपाटाची पाठ, लॉफ्टच्या आतला कोपरा, बाथरूमच्या पलीकडून लागलेली बेडरूमची भिंत, एवढं हाताने फिरा. दाराच्या चौकटीवर बोटाच्या पेराने टकटक करा. पोकळ आवाज आला तर वाळवीची शंका घ्या. आणि शेजारच्या किंवा खालच्या फ्लॅटचं दार वाजवून सरळ विचारा, ‘पावसाळ्यात या बाजूला ओल येते का हो?’ शेजारी खोटं बोलत नाहीत. उलट इतकं खरं बोलतात की निघायला वेळ होतो.

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसेन. तुमच्या फ्लॅटमध्ये गॅस गिझर आहे का आणि तो कुठे बसवलाय, ते बघा. नाशिकच्या थंडीत गॅस गिझर पुष्कळ घरांत असतो, आणि तो चक्क बाथरूमच्या आत बसवलेलाही मी पाहिलाय. बंद, छोट्या बाथरूममध्ये गॅस जळायला पुरेशी हवा मिळाली नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं जड होतं, चक्कर येते, आणि माणूस दार उघडायच्या आत बेशुद्ध पडतो. थंडीत अशा मृत्यूंच्या बातम्या दरवर्षी येतात. वर एक झरोका आहे, एक्झॉस्ट फॅन आहे, यावर समाधान मानू नका. गॅस गिझर असलाच तर तो ड्राय बाल्कनीत किंवा बाहेरच्या उघड्या भिंतीवर हवा आणि फक्त गरम पाण्याचा पाइप आत यायला हवा. आत असेल तर काकांना सांगा, ‘हा बाहेर घ्या किंवा काढून विजेचा बसवा, त्यानंतर आम्ही राहायला येतो.’ हा एकच मुद्दा असा आहे की नकार आला तर मी घर सोडून देईन. चार वर्षांचं मूल आणि सासूबाई घरात आहेत, इथे भीड नको.

विजेचं पुढे. मोबाइलचा चार्जर बरोबर न्या आणि प्रत्येक सॉकेटमध्ये लावून बघा, ओट्यावरच्या मोठ्या सॉकेटसह. मुख्य बोर्डवर ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा आपोआप तोडणारा स्विच, आहे का बघा. त्यावर टेस्टचं छोटं बटण असतं, ते दाबलं की घरातली वीज गेलीच पाहिजे. नाही गेली तर तो डबा नुसता शोभेचा. मग दोघींनी मिळून एक गंमत करा. एकीने घरातले सगळे दिवे, पंखे, फ्रिज असेल तर तोही बंद करायचा, दुसरीने खाली मीटरजवळ उभं राहायचं. मीटरवरचा लाल दिवा लुकलुकतच राहिला तर तुमच्या मीटरवर दुसऱ्या कोणाचं तरी काहीतरी चालू आहे. जिन्यातला दिवा निघाला तर ठीक, शेजारचं एखादं ऑफिस निघालं तर अवघड. महावितरणचा दर जास्त युनिटला चढत जातो, म्हणून दोन घरांचा मिळून एक मीटर असेल तर दोघांचं बिल वरच्या टप्प्यात जातं. शेवटचं बिल मागून घ्या. त्यावर नाव कोणाचं, थकबाकी किती, ते दिसेल. थकबाकी राहिली तर वीज तोडणारा माणूस आत कोण राहतंय ते विचारत बसत नाही.

बाकीचं पटापट: बाल्कनीच्या कठड्याच्या गजांमधून मुलाचं डोकं जाईल एवढी फट आहे का, खिडक्यांना ग्रिल आहे का, सगळ्या दारांच्या कड्या आतून नीट लागतात का. प्रत्येक खोलीत उभं राहून एक फोन करा, रेंज कळेल. पार्किंगची जागा ‘कुठेही लावा’ अशी नको, ही अमुक खांबाशेजारची, अशी दाखवून घ्या.

तुम्ही अंबडला जाणार म्हणजे पाथर्डी फाटा सोयीचाच. पण सासूबाईंच्या पंचवटीवर फुली मारण्याआधी दोन गोष्टी लक्षात घ्या. पहिली गोदावरी. नाशिककर पुराची उंची मीटरमध्ये मोजत नाहीत, नदीपात्रातल्या मोठ्या मूर्तीकडे बघून ‘दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं का’ असं विचारतात. २००८ च्या आणि २०१९ च्या पुरात इथल्या लोकांनी काय काय पाहिलं, ते त्या गल्लीतल्या कुठल्याही जुन्या दुकानदाराला विचारा. तो भिंतीवर हात ठेवून सांगेल पाणी कुठवर आलं होतं. फ्लॅट वर असला तरी पार्किंग, मीटरच्या पेट्या आणि पाण्याची खालची टाकी कुठे आहे ते बघायचं. मीटर पाण्यात गेले की दुसऱ्या मजल्यावरही अंधार. इमारत निळ्या पूररेषेच्या, म्हणजे सरकारने आखलेल्या पुराच्या हद्दीच्या, आत आहे का हेही विचारून ठेवा.

दुसरी गोष्ट सिंहस्थ. मुख्य पर्वण्या ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये आहेत. १ जूनपासून अकरा महिन्यांचा करार केलात तर तो पुढच्या एप्रिलअखेर संपतो. रामकुंडापासून चालत अंतरावरच्या घरमालकाला त्या वेळी काय सुचेल, हे सांगायला ज्योतिषी नको. भाविकांना आठवड्याच्या दराने जागा देणं त्याला जास्त परवडेल, आणि तुमच्या मुलाची शाळा तेव्हा जेमतेम सुरू झालेली असेल. पंचवटीचं घर घ्यायचंच असेल तर करार थेट २४ किंवा ३६ महिन्यांचा करा, वाढ किती ते आत्ताच लिहा, आणि एवढ्या काळात मालकाला मध्येच घर रिकामं करून मागता येणार नाही असं कलम घाला. तो यावर तयार नसेल तर ११,००० चं भाडं कशामुळे आहे ते समजेल.

आता शुक्रवारच्या अ‍ॅग्रीमेंटचं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लीव्ह अँड लायसन्स करार लेखी हवा आणि नोंदणीकृत हवा. अकरा महिन्यांचा असला म्हणून सूट नाही. तो समज दुसऱ्या राज्यांतून आलाय. नोंदणी करून घ्यायची जबाबदारी मालकाची. नाही केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि अटींवरून वाद झाला तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. म्हणून एजंट ‘स्टॅम्पपेपरवर नोटरी करून टाकू, खर्च वाचेल’ म्हणाला तर नको म्हणा. वाचतं ते किती? मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या आणि डिपॉझिटवर धरलेल्या दहा टक्के व्याजाच्या बेरजेवर पाव टक्का. तुमच्या हिशेबाने ते साधारण चारशे रुपये, शिवाय शहरी भागात नोंदणी फी १,०००. ५०,००० अडकवताना एवढ्यासाठी कंजुषी कशाला?

नोंदणी आता घरबसल्या होते. माणूस अंगठ्याचं यंत्र घेऊन येतो, पाच मिनिटांत आटोपतं. हीच त्यातली मेख आहे. अंगठा उठेपर्यंत मसुदा कोणी वाचलेलाच नसतो. आदल्या रात्री मसुदा मोबाइलवर मागवा आणि दिवा लावून वाचा. करारातलं मालकाचं नाव इंडेक्स टू वर (घराच्या खरेदीच्या नोंदणीचा उतारा) आणि घरपट्टीच्या पावतीवर तेच आहे का बघा. पाथर्डी फाट्याचे काका मालक आहेत की मालकाचे काका, हे एकदा नक्की करा. इमारतीला महापालिकेचा पूर्णत्वाचा दाखला आहे का हेही सहज विचारा. नाशिकमध्ये ‘कपाटा’च्या वादात, म्हणजे नकाशात कपाट म्हणून दाखवलेली जागा खोलीत घेतल्यावरून, कित्येक इमारतींचे दाखले अडकले होते, त्यामुळे इथे हा प्रश्न विचारल्यावर कोणी दचकत नाही.

मसुद्यात या गोष्टी आहेत का बघा. मेंटेनन्स कोण भरणार. भाडेकरू ठेवल्याबद्दल सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावते, ते सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही आणि ते मालकाने भरायचं, हे लिहा. घर सोडायची नोटीस दोघांनाही सारखीच, एक महिन्याची. डिपॉझिट चावी दिल्याच्या दिवशी परत, ‘नंतर बघू’ नाही. आणि रंगाचं कलम. बहुतेक मसुद्यांत ‘घर होते त्या स्थितीत परत द्यावे’ एवढंच असतं. त्यापुढे ‘नेहमीच्या वापराने होणारी झीज आणि पावसाच्या ओलीमुळे झालेले नुकसान वगळून’ हे शब्द घालून घ्या. इंदिरानगरला माझ्याकडे ही अर्धी ओळ असती तर रंगाचे पैसे वाचले असते. मुदत संपली की एकतर नवा करार करा किंवा घर सोडा. तसंच राहिलात तर कलम २४ प्रमाणे दुप्पट भाड्याचा भुर्दंड पडू शकतो.

कंपनीत जुन्या करपद्धतीने घरभाड्याची सवलत घेणार असाल तर वर्षाचं भाडं लाखावर जातंय, म्हणजे मालकाचा पॅन लागेल. तो आताच मागा, मार्चमध्ये मागितला की काका एकदम परके होतात. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती देण्याचं काम मालकाचं. तुम्ही आधारची प्रत द्या आणि प्रतीवर ‘फक्त भाडेकरू नोंदीसाठी’ असं आडवं लिहून तारीख टाका.

पाहणीत जे जे सापडेल त्याचा व्हिडिओ काढा, दारापासून सुरू करून सलग, मध्ये न थांबवता. मीटरचं रीडिंगही त्यात येऊ द्या. त्याच रात्री काकांना पाठवा आणि खाली लिहा: ‘काका, आज दाखवल्याबद्दल आभार. सिंकखाली थोडं गळतंय, मागच्या बेडरूमच्या खिडकीखाली रंग फुगलाय, बाथरूमच्या दाराची कडी लागत नाही. तिन्ही गोष्टी सहीच्या आधी झाल्या तर बरं. बाकी घर छान आहे.’ यात रागावण्यासारखं काही नाही, आणि तारखेसकट नोंद झाली. काकांनी ‘हो, करून देतो’ एवढं उत्तर दिलं तरी ते जपून ठेवा. त्यांनी सहीच्या आधी एक कडी बसवून दिली नाही तर सहीनंतर गिझर दुरुस्त करून देतील असं मला वाटत नाही. चहा पाजणं आणि प्लंबर पाठवणं ही दोन वेगळी खाती आहेत.

एजंटच्या दुसऱ्या पार्टीबद्दल एवढंच, की मी घेतलेल्या सातही घरांना दुसरी पार्टी तयार होती. ती पार्टी मला कधी जिन्यातसुद्धा भेटली नाही. अगदीच दडपण आलं तर दोन हजार रुपये टोकन द्या, मालकाच्या खात्यावर, आणि ‘पाहणीनंतर पसंत न पडल्यास परत’ असं मेसेजमध्ये त्यांच्याकडून लिहून घेऊन. पूर्ण डिपॉझिट नोंदणी झाल्याशिवाय सोडू नका. पंचवटीचा फ्लॅट तुम्ही अजून फक्त फोटोत पाहिला असेल तर तिथे रुपयाही नको, समोरचा स्वतःला सैन्यातला अधिकारी म्हणवत असला तरी. देवळाली कॅम्पची लष्करी छावणी जवळ असल्यामुळे ते खरं वाटतं, आणि ठकसेनांनाही हे ठाऊक आहे.

बुधवारी किंवा गुरुवारी संध्याकाळी जा. चार्जर, टॉर्च आणि एक साबणाची वडी पिशवीत टाका. बादली मात्र घरून न्यावी लागेल, रिकाम्या फ्लॅटमध्ये ती कधीच नसते. ती सासूबाईंच्या हातात द्या, म्हणजे काकांना काही विचारायची वेळच येणार नाही.